साहेब निळे पडले

परभणीत नवा माणूस बदलून आला की त्याचं सामान ट्रकमधून उतरायच्या आत त्याची जात कळलेली असायची. उघड कुणी विचारत नसे. तेवढी सभ्यता आमच्या आरोग्य खात्यात होती. "साहेब मूळ कुठले?", "सोयरीक कोणत्या भागात?", "घरी महालक्ष्म्या उभ्या असतात का बसलेल्या?" अशी आडवळणानं चौकशी व्हायची आणि चहा संपेपर्यंत निकाल लागायचा.

आमच्या डॉक्टरांपुढे मात्र खातं हरलं. ते आडनाव लावतच नसत. दारावरच्या पाटीवर नाव, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर आणि खाली 'लहान मुलांचे डॉक्टर', एवढंच. मूळ गाव विचारलं की म्हणायचे, "रेल्वे क्वार्टर." कुठलं? "वडिलांची बदली होईल तिथलं." सणाला काय करता? "ड्यूटी." जेवायला बोलावून ताटाकडे लक्ष ठेवणाऱ्यांचीही निराशा झाली, कारण समोर येईल ते ते खात. आमच्या हेडक्लार्कनं यावर पुष्कळ कष्ट घेतले. शेवटी एक दिवस तो हात झटकून म्हणाला, "सोडा ओ, येडं हाय ते." त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. जात सापडली नाही की माणसाला वेडा ठरवणं सोयीचं पडतं. काहीतरी एक ठरलेलं बरं असतं.

मी त्या खात्यात प्रसिद्धीचं काम बघायचो. खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर घोषणा रंगवून घेणं, शाळेच्या पटांगणात पडदा बांधून कुटुंबनियोजनाचे सिनेमे दाखवणं, आणि खात्याच्या कार्यक्रमांना हार, नारळ, शाली आणि समईत तेल यांची व्यवस्था ठेवणं. यातलं शेवटचं काम सर्वांत जोखमीचं. पाहुण्यांच्या हातात पेटलेली मेणबत्ती आहे आणि समईची वात काही केल्या पेटत नाही, यापेक्षा बिकट प्रसंग आमच्या खात्याला माहीत नव्हता. डॉक्टर आले आणि त्यांनी दुसऱ्याच एका बिकट प्रसंगाचं शिक्षण सुरू केलं. पोराचा श्वास थांबला तर पहिल्या मिनिटाला काय करायचं, हे त्यांना जिल्ह्यातल्या प्रत्येक सिस्टरला, कंपाउंडरला आणि डॉक्टरला शिकवायचं होतं. नुसतं सांगायचं नव्हतं. हातांना आणि तोंडाला शिकवायचं होतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्या दवाखान्यात पोर निळं पडलं की आया साहेबांना बोलवायला पळते, सिस्टर ऑक्सिजनच्या खोलीची किल्ली शोधायला पळते आणि कंपाउंडर नातेवाइकांना हाकलायला पळतो. "पळतात सगळे," डॉक्टर म्हणायचे, "फक्त पोराच्या दिशेनं कुणी पळत नाही."

या शिक्षणासाठी लागते तशी एक परदेशी बाहुली खात्याकडे होती. गोरीपान, निळ्या डोळ्यांची, दाबलं की छाती बसणारी, फुंकलं की फुगणारी. ती महाग होती. त्यामुळे वापरून खराब होऊ नये म्हणून ती मोठ्या साहेबांच्या मागच्या काचेच्या कपाटात कुलपात बसवली होती. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाकीच्या हत्यारांबरोबर ती बाहेर निघायची. तिला हळदकुंकू लागायचं, गळ्यात झेंडूचा हार पडायचा, पुढे पेढा ठेवला जायचा आणि पुन्हा कुलूप. कपाळावरचं कुंकू पुसायचं कुणाला सुचलं नाही. त्यामुळे दरवर्षी ती थोडी अधिक सौभाग्यवती होत गेली. तिच्या तोंडात कुणी फुंकर घातल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी दोन-तीनदा किल्ली मागून पाहिली. मग बाजारातून एक प्लास्टिकची बाहुली विकत आणली, तिचं तोंड कापून मोठं केलं, सलाईनची नळी घशातून आत घातली आणि ब्लडप्रेशरच्या मोडक्या यंत्राच्या पट्ट्यातली रबरी पिशवी तिच्या छातीत बसवली. वजन खऱ्या पोराचं यावं म्हणून हातापायांत ज्वारी भरली. उंदीर मागे लागले तेव्हा ज्वारी काढून वाळू घातली. अशा रीतीनं तयार झालेल्या त्या कळकट बाळाचं नाव त्यांनी ठेवलं 'साहेब'.

"साहेब का?" मी विचारलं.

"बाळासाठी या खात्यात कुणी उठतं का?"

"नाही."

"आणि साहेबांसाठी?"

तेव्हापासून ते कुठेही, कधीही, पिशवीतून ती बाहुली काढून फेकायचे आणि ओरडायचे, "साहेब निळे पडले!" कॅन्टीनमध्ये, बसस्टँडवर, एकदा तर एका अधिकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत मठ्ठा वाढत असताना. ज्याच्या सर्वांत जवळ बाहुली पडेल त्यानं हातातलं टाकून सुरू करायचं, हा नियम. डोकं किंचित मागे, तोंडातलं काढायचं, तोंड-नाक आपल्या तोंडात घेऊन हलकी फुंकर, छाती उठते का बघायचं, दंडाची नाडी बघायची, लागलं तर दोन बोटांनी छाती दाबायची. त्या लग्नातला मठ्ठ्याचा डाग माझ्या सफारीवरून शेवटपर्यंत गेला नाही.

आणि "सर, सुरू करू का?" असं कुणी विचारलं की संपलं. "विचारलंत? गेलं बाळ." मग डॉक्टर स्वतः खाली मांडी घालून बसायचे, बाहुली मांडीवर घ्यायचे आणि त्या माणसाकडे बघत राहायचे. ते आता बाळाची आई असायचे. विचारणाऱ्यानं त्यांना सांगायचं, "बाई, तुमचं बाळ गेलं, कारण मी परवानगी मागत होतो." हे वाक्य म्हणताना भलेभले अडखळायचे. एक कंपाउंडर, जो रोज दारात पेशंटांना फुकट शिव्या द्यायचा, तो ते वाक्य अर्ध्यात टाकून बाहेर गेला आणि बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिला.

शेंगदाण्याशी त्यांचं हाडवैर होतं. मराठवाड्यात राहून शेंगदाण्याशी वैर धरणं म्हणजे समुद्रात राहून मिठाशी धरण्यासारखं. पण रस्त्यात एखादं दीड-दोन वर्षांचं पोर मुठीत दाणे घेऊन दिसलं की हा गृहस्थ सायकल थांबवायचा, मूठ उघडायचा, दाणे स्वतःच्या तोंडात टाकायचा आणि पोराच्या आईला सांगायचा, "श्वासनळीत अडकतो. कुटून द्या." पोर भोकाड पसरायचं. आईच्या दृष्टीनं एक मध्यमवयीन, शर्ट खोचलेला माणूस भरदिवसा लेकराचे दाणे हिसकावून खात असायचा. दोनदा मार खाता खाता वाचले.

खरी अडचण पुढेच होती आणि ती बाहुलीच्या तोंडाशी होती.

शिबिराला माणसं यायची ती रांगेत उभी राहायची. कुणी सांगायची गरज नसे. पुढे मोठे डॉक्टर, मग धाकटे, मग सिस्टर, मग कंपाउंडर, मग आया, मग सफाईवाले. रांग हुद्द्याप्रमाणे आहे असं म्हणायची सोय होती. पण एकाच हुद्द्याच्या चार सिस्टर उभ्या राहिल्या तरी त्यांच्यातही रांग आपोआप लागायची, आणि ती कशाप्रमाणे लागते हे सगळ्यांना कळत होतं. एकाचं तोंड लागलेल्या जागी दुसऱ्याचं तोंड लागणार होतं. प्रत्येक फुंकरीनंतर डॉक्टर बाहुलीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे. पण स्पिरिटनं जंतू मरतात. बाकीचं मरत नाही, हे खात्याला अनुभवानं ठाऊक होतं.

दिवसही तसेच होते. विद्यापीठाच्या नावाचा वाद कधी विझल्यासारखा वाटायचा, कधी पुन्हा भडकायचा. जळलेली घरं लोकांच्या आठवणीत होती. गावागावांत भिंतीवर एक घोषणा, तिच्यावर चुना, चुन्यावर दुसरी घोषणा, आणि खालच्या कोपऱ्यात जागा उरली तर माझं कुटुंबनियोजन.

डॉक्टरांनी रांगेकडे दोन शिबिरं नुसतं पाहिलं. तिसऱ्या शिबिरात म्हणाले, "शाळेत प्रार्थनेला उभे राहायचात तसे उभे राहा. उंचीप्रमाणे. बुटके पुढे." भाषण नाही, समतेवर दोन शब्द नाहीत, काही नाही. सफाईवाल्यांतला एक जण अगदीच ठेंगणा होता. तो पहिला आला. आमचे एक उंचेपुरे डॉक्टर, जे एरवी आपल्या उंचीचा विषय स्वतःच काढायचे, ते शेवटी गेले आणि दिवसभर गुडघे वाकवून उभे राहिले.

ताडकळसच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण गाव अजून आहे. तिथे उपकेंद्रात एक सिस्टर होती. तिशीची, सावळी, कामाला चोख, बोलायला तिखट. तिचं क्वार्टर गावाच्या टोकाला होतं, शेवटच्या घरापासून दोन शेतं सोडून. गावात बाळंतपणं तीच करायची. बाळ बाहेर येईपर्यंत घरात तिच्याशिवाय पान हलायचं नाही, बाळ आलं की तिला चहा दाराबाहेर, कान तुटलेल्या कपात. गावच्या मोठ्या शेतकऱ्याच्या, आबांच्या, वाड्यामागे मोटारपंपावर भरणारा हौद होता. गाव तिथून पाणी भरायचं. त्या हौदाचं पाणी सिस्टरला चालायचं. हौदाला सिस्टर चालायची नाही. ती पलीकडच्या ओढ्याकडच्या विहिरीवर जायची.

त्या गावच्या शाळेत आमचं शिबिर होतं. आजूबाजूच्या केंद्रांवरचे डॉक्टर, सिस्टर असे पुष्कळजण आले होते. मी समईत तेल घातलं होतं. उद्घाटन झालं, चहा झाला. डॉक्टर शाळेमागे बसून बाहुलीची निसटलेली नळी बसवत होते. तेवढ्यात वाड्याच्या बाजूनं एका बाईची किंकाळी आली. "पोरगं गेलं ओ! हौदात पडलं ओ!"

शाळेतले सगळे डॉक्टर, सगळ्या सिस्टर एकमेकांकडे बघून हसले. डॉक्टरांच्या या युक्त्यांना ते आता सरावले होते. मागच्या शिबिरात त्यांनी एका आयाला असंच ओरडायला लावलं होतं. "आज सरांनी बाई झकास आणली," एक तरुण डॉक्टर म्हणाला. दुसऱ्यानं टाळी वाजवली. तिसरा म्हणाला, "बाहुली कुठंय पण?" आणि बशीत चहा ओतला.

गावची सिस्टर मात्र तोवर दाराबाहेर गेली होती. तिनं त्या बाईचं बाळंतपण केलेलं होतं, आणि बाळंतपणात ऐकलेला आवाज विसरत नाही म्हणतात.

मी तिच्या मागे पळालो, तो का हे मला सांगता येणार नाही. माझ्या मागून डॉक्टर पळत येत होते. हातात ती बाहुली तशीच, नळी लोंबत होती. हौदापाशी माणसं जमली होती. आबांचा नातू, दीडेक वर्षांचा, त्याला एका चुलत्यानं पाय धरून उलटं टांगलं होतं आणि तो त्याला गरागरा फिरवत होता. पोटातलं पाणी निघावं म्हणून. कुणीतरी कुंभाराकडे पळालं होतं, पोराला चाकावर फिरवायचं म्हणून. पोर राखुंडीच्या रंगाचं झालं होतं.

सिस्टरनं विचारलं नाही. चुलत्याच्या हातातून पोर ओढून घेतलं, हौदाच्या कट्ट्यावर निजवलं, तोंडात बोट फिरवलं, मान किंचित मागे केली आणि त्याचं तोंड-नाक आपल्या तोंडात घेतलं.

"अगं ए!" आबांच्या तोंडून निघालं. पुढचं त्यांना सुचलं नसावं.

डॉक्टर पोहोचले. मला वाटलं, आता ते तिला बाजूला करतील. जिल्ह्यात मुलांचा त्यांच्याइतका जाणता डॉक्टर नव्हता. त्यांनी गुडघ्यावर बसून पोराचा दंड धरला आणि म्हणाले, "नाडी आहे. छाती उठतेय. चालू ठेव." मग दुसरा हात पाठीमागे घेतला. त्या हातात साहेब होते. पोराची आई जमिनीवर बसून सिस्टरच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

किती वेळ गेला मला माहीत नाही. पोरानं एक आचका दिला, पाणी ओकलं आणि इतक्या कर्कश आवाजात रडलं की चुलता दचकून मागे सरला. एवढ्यात शाळेतले सगळे तिथे येऊन पोहोचले. खरं पोर बघून त्यांचे चेहरे कसे झाले ते मी लिहीत नाही. एकाच्या हातात अजून बशी होती.

पोराला जीपमधून परभणीला हलवल्यावर डॉक्टर शाळेच्या पायरीवर येऊन बसले. ते म्हणाले, "तुम्हाला पळायला मी शिकवलं. किंकाळी ऐकून हसायलाही मीच शिकवलं." त्या दिवसानंतर ते कुठेही ओरडले नाहीत. बाहुली फेकायची असली की आधी सांगायचे, "ही बाहुली आहे."

पोर दोन-तीन दिवसांत दाणे मागण्याइतकं बरं झालं. आणि तोवर गावानं ठरवून टाकलं होतं की पोराला डॉक्टरांनी वाचवलं.

हे कुणी सभा घेऊन ठरवलं नाही. आधी "डॉक्टर व्हते म्हनून", मग "डॉक्टरनं हात लावला आन् पोर उठलं", मग "डॉक्टरनं फुकलं". सिस्टर गोष्टीतून हळूहळू मागे सरकत गेली आणि शेवटी तिनं फक्त टॉवेल आणून दिला असं झालं. आबांनी सत्काराचा घाट घातला. तालुक्याचे एक पुढारी अध्यक्ष, आमचे मोठे साहेब प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती डॉक्टर. शालीचं काम अर्थातच माझ्याकडे.

डॉक्टर सत्काराला नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, "जाऊ. आणि माइकवर सांगू, कोणी वाचवलं ते."

कार्यक्रमाच्या आधी आम्ही उपकेंद्रात थांबलो तेव्हा सिस्टरनंच विषय काढला. "सर, माझं नाव घेणार का तुमी?"

"घेणार."

"नका घेऊ."

"का? लाज वाटते?"

"लाज कशाची?" ती भडकली. "तुमी माइकवर बोलताल, टाळ्या घेताल, आन् जीपमधी बसून परभणीला जाताल. मला हितं ऱ्हायाचंय. आबाच्या नातवाच्या तोंडाला माझं तोंड लागलं हे सगळ्या गावाला म्हाईत हाय, सर. म्हाईत असनं येगळं आन् माइकवरून ऐकनं येगळं. ऐकलं की गावाला कायतरी करावं लागंल. सध्या दिवस कसले हायत बघायलाव ना? माझी लेक हाय घरात."

डॉक्टर खुर्चीवरून उठून दाराशी गेले.

"कबूल," ते म्हणाले. "नाव घेणार नाही."

व्यासपीठ शाळेच्या ओट्यावर होतं. समई पहिल्या काडीत पेटली. पुढारी बोलले, त्यांनी डॉक्टरांना धन्वंतरी म्हटलं. मोठे साहेब बोलले, त्यांनी खात्याला धन्वंतरी म्हटलं. आबा बोलले नाहीत. नातवाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. मी शाल पुढे केली, ती डॉक्टरांच्या खांद्यावर पडली. मग ते माइकपाशी गेले. सिस्टर ओट्याखाली, खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"गाव म्हणतं, पोराला मी वाचवलं," डॉक्टर म्हणाले. "गावाशी मी वाद घालत नाही. पण मी परभणीला राहतो. मी येईपर्यंत पोर थांबत नसतं. तेव्हा ही विद्या गावाला देऊन जातो. आधी व्यासपीठ शिकेल, मग बाकीचे." त्यांनी पिशवीतून साहेबांना काढून टेबलावर, नारळाशेजारी निजवलं. "उपकेंद्राच्या सिस्टर पहिल्यांदा करून दाखवतील. ते त्यांचं सरकारी काम आहे."

नाव घेतलं नाही. सिस्टरनं त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की माझ्याकडे बघितलं असतं तर मी शाल टाकून पळालो असतो. पण वर आली. बाहुलीचं तोंड तोंडात घेतलं, फुंकर घातली, छाती टम्म उठली. ती बाजूला झाली. डॉक्टरांनी खिशातून स्पिरिटचा बोळा काढला नाही.

"आता अध्यक्ष," ते म्हणाले.

माइक चालू होता. सगळं गाव समोर बसलं होतं. अध्यक्षांनी बाहुलीच्या तोंडाकडे पाहिलं. ते ओलं होतं.

"मला जरा सर्दी हाय, डॉक्टर."

"बघू." डॉक्टरांनी त्यांना उजेडाकडे वळवलं. "आ करा. मोठा. घसा स्वच्छ आहे. नाक तर माझ्यापेक्षा मोकळं आहे. या."

"न्हाई, आतून हाय. आतली सर्दी."

"बरं, आतली. बसा. मोठे साहेब?"

मोठ्या साहेबांनी गालाला हात लावला. "माझी दाढ..."

"कुठली?"

साहेबांनी डावीकडची दाखवली. हात उजव्या गालाला होता. समोरून बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी गंभीरपणे दाढ तपासली, लवंग धरायला सांगितली आणि आबांकडे वळले.

"माझी चतुर्थी हाय," आबा म्हणाले.

"फुंकर खायची नसते, आबा. द्यायची असते. उपास मोडत नाही."

"तरी बी... नगं."

त्या ओट्यावर त्या दिवशी इतके आजार निघाले की शिबिराऐवजी दवाखाना काढला असता तर बरं झालं असतं. एकाला पित्त होतं, एकाच्या तोंडात तंबाखू होती, एकाचा दात हलत होता. डॉक्टर एकेकाला तपासत होते, औषध सांगत होते आणि पुढच्याला बोलवत होते. खरं कारण कुणी बोलत नव्हतं. ते माइकवर बोलण्यासारखं कारण नव्हतं, हे निदान गावाला कळत होतं; त्याचं मला थोडं कौतुकच वाटलं. बाहुली टेबलावर तशीच पडून होती. प्रत्येक नकारानंतर डॉक्टर तिच्याकडे बघून शांतपणे म्हणायचे, "साहेब अजून निळेच आहेत."

मग बायकांमधून एकजण उठली. डोक्यावरून पदर, खाली मान. आबांची सून, पोराची आई. त्या गावात सासरा बसलेल्या ओट्यावर सून चढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ती चढली. टेबलापाशी आली, तोंडावरचा पदर बाजूला केला, वाकली आणि सिस्टरचं तोंड जिथे लागलं होतं तिथे तोंड लावून फुंकलं. पहिल्यांदा हवा बाजूनं निघून गेली. तिनं बाहुलीची मान किंचित मागे केली, पुन्हा फुंकलं. छाती उठली.

"अशी मान केली व्हती सिस्टरनी," ती म्हणाली. तिला माइक चालू आहे हे माहीत नसावं. किंवा असेल. "मी बसून बघितलंय. माझ्या पोराला सिस्टरनी फुकलं. डॉक्टरसाहेब निस्ते हुबे व्हते."

"खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "मी नुसता उभा होतो."

सगळे आबांकडे बघत होते. आबा नातवाच्या डोक्यावरून हात फिरवत बसले होते. मग त्यांनी हात पुढे करून माइक घेतला आणि म्हणाले, "चहा घेऊन जावा समद्यांनी."

एवढंच. क्रांती वगैरे झाली नाही. डॉक्टरांनी खांद्यावरची शाल काढून साहेबांना गुंडाळली आणि पिशवीत घातलं. जीपमध्ये बसताना सिस्टर खिडकीशी आली.

"तुमी कबूल केलं व्हतं, सर."

"मी नाव घेतलं?"

"तिनं घेतलं."

"तिच्याकडून मी कबूल करून घेतलं नव्हतं."

"माझ्या दारावर कुनी आलं तर?"

डॉक्टरांनी ड्रायव्हरला जीप बंद करायला सांगितली. त्या दिवशी ते परभणीला आलेच नाहीत. आठवडाभर उपकेंद्राच्या व्हरांड्यात खाट टाकून राहिले. विचारणाऱ्यांना सांगत, "सर्दीची साथ आहे इथे. आतल्या सर्दीची." मोठ्या साहेबांनी त्यांना गैरहजेरीबद्दल खुलासा विचारला. मी प्रेसनोट लिहिली: कार्यक्रम खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला.

दारावर कुणी आलं नाही. कुणीच आलं नाही. सुया टोचून घ्यायलासुद्धा नाही. मग एका सकाळी आबांची सून पोराला कडेवर घेऊन, मधल्या गल्लीनं, सगळ्यांच्या दारांवरून उपकेंद्रावर आली. पोराला काहीही झालेलं नव्हतं. ती बसली, सिस्टरच्या कपातून चहा प्यायली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून बाकीचे यायला लागले. पोरं आजारी पडायची थांबत नाहीत, आणि दुसरा दवाखाना लांब होता. हौदाचं पाणी मात्र पुढे कैक वर्षं जिथल्या तिथे राहिलं. डॉक्टर खाट उचलून परभणीला परतले.

विद्यापीठाचा प्रश्न पुढे एकदाचा मिटला. डॉक्टर निवृत्त झाले, परभणीतच राहिले आणि काही वर्षांनी गेले. आमचा हेडक्लार्क तोवर पेन्शनीत होता, गुडघे गेले होते, तरी रिक्षा करून आला. जाळतात की पुरतात, दिवसवार कोण करतं, कसं करतं, काहीतरी कळेलच अशी त्याची उमेद होती. डॉक्टरांनी देहदान केलं होतं. शववाहिका निघून गेली आणि हेडक्लार्क रस्त्यात उभा राहून म्हणाला, "शेवटपर्यंत सुगावा लागू दिला न्हाई बेट्यानं."

मागच्या वर्षी कामानिमित्त ताडकळसला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावात गेलो. सिस्टर केव्हाच निवृत्त होऊन लेकीकडे गेली होती. हौद बुजवलेला होता. वाड्यासमोर एक तरुण मोटारसायकल पुसत होता. ओळख सांगितली तसा म्हणाला, "व्हय, मला ल्हानपनी एका डॉक्टरनं वाचिवलं म्हनत्यात."

"कोण म्हणतं?"

"सगळं गाव."

"आणि आई?"

तो हसला. "आई म्हनती सिस्टरनं. पर आईचं काय धरायचं."

आई आतून हे ऐकत बाहेर आली. केस पिकले होते, पदर आता खांद्यावर होता. मला तिनं ओळखलं; मला नव्हे, शालवाल्याला. "तुमी शाल धरून हुबे व्हते," ती म्हणाली. मग विचारलं, "ते साहेब कुठं हायत आता?"

मी सांगितलं. डॉक्टर गेल्यावर खात्यानं बाहुली जपून ठेवली, त्याच काचेच्या कपाटात, गोऱ्या बाहुलीच्या शेजारी. शालीसकट. खंडेनवमीला आता दोघांनाही हार घालतात.

"मंग नव्या सिस्टरांना कशावर शिकिवत्यात?"

मी समईचा माणूस.

तिची नात, रांगणारी, उंबऱ्याशी आली होती. मुठीत काहीतरी होतं. आजीनं मूठ उघडली, दाणा काढला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. पोरीनं भोकाड पसरलं. आतून सून धावत आली.

"आमच्या हितं उशी हाय," आजी दाणा चावत म्हणाली. "ह्या सुनंला तिच्यावर शिकिवलंय. आदूगर इचारायची, आत्या, करू का म्हनून. आता इचारत न्हाई."